डायलिसिस सुरू असताना प्रवास: आमची पद्धत, तुमचे अनुभव

नीरेकाठ

नमस्कार मंडळी.

आमच्या डायलिसिस सेंटरवर नव्याने आलेल्या एका ताईंनी भाचीच्या लग्नाला इंदूरला यायला परस्पर नकार कळवून टाकला. डॉक्टरांना विचारलं नव्हतं, घरच्यांनी अडवलं नव्हतं. "आता आपलं फिरणं संपलं" हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. असं ठरवून बसलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत, म्हणून हा धागा.

माझा आजार पॉलिसिस्टिक किडनीचा, म्हणजे घराण्यातून आलेला. आईलाही तोच. तिचं डायलिसिस सुरू झाल्यापासून घर आणि दवाखाना याखेरीज तिने काही पाहिलं नाही. माहेरी जायची तिची फार इच्छा होती, पण "जरा बरं वाटू दे, मग जाऊ" असं सगळेच म्हणत राहिले. या आजारात ते "बरं वाटणं" येऊन उभं राहत नाही. किडनी बदलेपर्यंत आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास मशीन आहेच. म्हणून मी प्रवास मशीनच्या वेळापत्रकात बसवते. साताऱ्याहून कोकणात, बहिणीकडे बडोद्याला, हंपीला अशीच जाऊन आले.

आधी दिवसांचं गणित. माझे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवार ते सोमवार मोठी फट मिळते, तेव्हा फिरून घ्यावं असं बहुतेकांना वाटतं. पण त्या फटीचा शेवट हाच आठवड्यातला सगळ्यात जोखमीचा काळ असतो. पाणी आणि पोटॅशियम दोन्ही तेव्हा अंगात सर्वाधिक साठलेलं असतं. मोठ्या अंतरानंतरच्या दिवशी हृदयाचा त्रास आणि मृत्यू जास्त होतात, हे अभ्यासांतून स्पष्ट दिसलेलं आहे. म्हणून छोटी सहल असेल तर मी शनिवारी सकाळी निघते आणि रविवारी दुपारी घरी असते. सोमवारची वेळ कुठल्याही कारणाने पुढे ढकलत नाही. त्याहून लांब जायचं तर तिथलं डायलिसिस आधी पक्कं करायचं, तिकीट आणि खोली नंतर. हा क्रम आमच्या घरात कुणी मोडत नाही.

डायलिसिसच्या दिवशी पुढचा प्रवास ठेवत नाही. चार तासांनंतर बीपी खाली असतं, गळून गेल्यासारखं होतं, आणि रक्त पातळ ठेवायला हेपॅरिन दिलेलं असल्याने सुया काढलेल्या जागेतून पुन्हा रक्त येऊ शकतं. त्या दिवशी जेवायचं आणि झोपायचं. ज्या गावी डायलिसिस, तिथेच मुक्काम.

रत्नागिरीला गेलो तेव्हा मंगळवारी कराडवरून आंबा घाट उतरलो. बुधवारी सकाळी तिथल्या एका केंद्रात डायलिसिस. गुरुवारी गणपतीपुळे आणि पावसला निवांत जाऊन आलो. शुक्रवारी पुन्हा डायलिसिस, शनिवारी परत. मी मशीनवर असताना मुलं आणि हे रत्नदुर्ग बघून आले. मला किल्ला चढवला नसता, आणि माझ्यासाठी तिघांनी खोलीत बसून राहायचं हेही मला नको होतं.

कोकणात जाणाऱ्यांना कळकळीने सांगते, शहाळं पिऊ नका. "शक्ती येईल" म्हणून प्रत्येक जण हातात देतो. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना अख्ख्या दिवसाची मर्यादा २,००० ते २,५०० च्या आसपास दिलेली असते. निरोगी किडनी जादाचं पोटॅशियम बाहेर टाकते, आपल्याला ते जमत नाही आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. आंबा, फणस, केळं यांचंही तेच. आंब्याची एक फोड खायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि बाकी ताट त्या मानाने हलकं ठेवून. सुकट, पापड, लोणचं यांतल्या मिठाने तहान वाढते आणि पाणी पिण्याचा हिशोब कोलमडतो. "कमी सोडियमचं" म्हणून विकलं जाणारं मीठ तर अजिबात नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

आणि कमरख. पाच धारांचं, कापलं की चांदणीसारखं दिसणारं आंबट फळ, तिखटमीठ लावून गाड्यांवर मिळतं. किडनी निकामी असलेल्या माणसाला ते विषासारखं आहे. त्यातलं एक द्रव्य मेंदूवर परिणाम करतं. न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, माणसं दगावलेलीही आहेत. एक फोडही नको.

पाण्यासाठी मी सकाळी मोजून एक बाटली भरते. लघवी जितकी होते त्यात साधारण अर्धा लिटर मिळवून दिवसाचं माप धरायचं, असं मला सांगितलेलं आहे. चहा, आमटी, सोलकढी सगळं त्यातच. उन्हाळ्यात तोंड कोरडं पडलं की बर्फाचा खडा चघळते किंवा चूळ भरून टाकते.

फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. त्या हाताला पिशवी नाही, घड्याळ नाही, बीपीचा पट्टा नाही. एसटीत किंवा रेल्वेत त्या कुशीवर झोपायचं नाही. सकाळ-संध्याकाळ बोटं ठेवून थरथर लागते का बघायची. ती थांबली तर त्याच दिवशी, शक्य तितक्या तासांत डॉक्टर गाठायचे. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं नाही.

पैशांचंही लिहायला हवं. घरच्या गावी माझं डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होतं. बाहेरगावी पाहुणी म्हणून गेले की मी रोख भरते आणि प्रवासखर्चात ती रक्कम पहिल्या ओळीत धरते. परवडत नाही त्या वर्षी दोन दिवसांचंच ठरवते.

तुम्ही कसं करता? लिहा.

मशीनच्या_पलीकडून

धागा काढल्याबद्दल आभार, ताई. मी डायलिसिस टेक्निशियन आहे, विदर्भात. आमच्याकडे दर हंगामात पाहुणे पेशंट येतात, म्हणून आमच्या बाजूने लिहितो.

माणूस रात्रभर प्रवास करून दारात येतो आणि हातात फक्त औषधांची चिठ्ठी असते. तेवढ्यावर मशीन लावता येत नाही. मला हवं असतं ते हे: कोरडं वजन (जादा पाणी काढल्यानंतरचं वजन) किती, डायलायझर (रक्त गाळणारी गाळणी) कोणता, हेपॅरिन किती, पंपाचा वेग किती, फिस्टुला कोणत्या हाताला आणि सुया कुठे टोचतात, मध्येच बीपी पडतं का. शेवटच्या तीन डायलिसिसच्या तक्त्यांचे फोटो मोबाइलमध्ये असले तर माझं अर्धं काम तिथेच होतं. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट तर लागतातच. हिपॅटायटिस बी असलेल्यांना वेगळं मशीन असतं, ते मोकळं नसेल तर जागा देता येत नाही. रिपोर्ट मागितल्यावर काही जणांना अपमान वाटतो. पण त्याच खोलीतल्या बाकीच्या पेशंटना जपण्यासाठी तो नियम आहे, आणि पाहुण्यालाही तोच नियम जपतो.

आपणही विचारा. पाण्याची आरओ यंत्रणा नियमित तपासली जाते का, वीज गेली तर जनरेटर आहे का, किडनीतज्ज्ञ फोनवर तरी हजर असतात का. आपल्याकडे एकाच पेशंटचा डायलायझर धुऊन त्यालाच पुन्हा वापरण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पाहुण्याने नवा डायलायझर आणि नवी ट्यूबिंगच घ्यावी. सोबत आणता आली तर उत्तम.

दिवाळी आणि मे महिन्यात खुर्च्या भरलेल्या असतात. तीन-चार आठवडे आधी फोन करा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा.

रेल्वेची सवलत दर वेळी विचारली जाते. किडनीच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला ती डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाताना मिळते, दवाखान्याचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. सहलीला ती लागू नाही. कृपया डॉक्टरांकडे त्यासाठी हट्ट धरू नका.

माळरान

थोडं वेगळं लिहिते, राग मानू नये.

माझ्या मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे आणि हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आहे. मशीनवर असताना बीपी कोसळतं, कधी मध्येच थांबवावं लागतं. आमच्या डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला स्पष्ट नाही म्हटलेलं आहे. आणि घरी रोज कुणीतरी व्हिडिओ पाठवतं, अमुक जण डायलिसिसवर असून हिमालयात गेला. मग आमच्याकडे वाद. "तूच मला कोंडून ठेवतेस." रात्री मी त्यांचा श्वास मोजत जागी असते, हे त्या व्हिडिओत नसतं.

तुमचं लिखाण चांगलंच आहे. पण ज्यांना जमत नाही ती माणसं जिद्दीत कमी पडली, असं वाचणाऱ्याच्या मनात येऊ नये एवढंच.

नीरेकाठ

माळरानताई, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते इथे असायलाच हवं. जिद्दीचा इथे संबंध नाही. माझं हृदय आज बरं आहे, फिस्टुला चालू आहे, म्हणून मला जाता येतं. उद्या इको (हृदयाची सोनोग्राफी) बिघडला तर मलाही थांबावं लागेल. प्रत्येक मोठ्या प्रवासाआधी मी डॉक्टरांना "जाऊ का?" असं मोकळं विचारते आणि "नाही" हे उत्तर ऐकायची तयारी ठेवते.

रात्री जागी असता असं लिहिलंत. तुमच्यासोबत आळीपाळीने कुणी आहे का? नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, खरंच.

मशीनच्या_पलीकडून

माळरानताईंच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. डायलिसिस नुकतंच सुरू झालेले, बीपी स्थिर नसलेले, नुकतेच छातीत दुखून दाखल झालेले, यांनी थांबावंच. मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत घातलेली नळी) असलेल्यांनी समुद्र, नदी, कुंड, तरणतलाव यांपासून लांब राहावं. तिथून जंतू थेट रक्तात जातो.

एक सुचवतो. लांब नाही म्हटलं म्हणजे घराबाहेर नाही असं डॉक्टरांना म्हणायचं असेलच असं नाही. आपल्या सेंटरपासून तासाभराच्या अंतरात, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीने, पायऱ्या नसलेल्या ठिकाणी गेलं तर चालेल का, एवढा नेमका प्रश्न विचारून बघा. नुसतं "प्रवास चालेल का" असं मोघम विचारलं तर अशा पेशंटला डॉक्टर बहुधा नाहीच म्हणतील.

वऱ्हाडी_वाट

माझं पोटाचं डायलिसिस आहे, सीएपीडी. मशीन नाही, सेंटर नाही, पण सामान फार. पोटात भरायच्या द्रावणाची दोन लिटरची पिशवी दिवसातून चार वेळा बदलायची, म्हणजे रोजचं आठ किलो पाणीच झालं. चार दिवसांच्या मुक्कामाला खोकी पाठीवर न्यायची म्हटली तर कुणाचंच चालणार नाही. पुरवठा करणाऱ्यांना बरेच आठवडे आधी सांगितलं तर ते मुक्कामाच्या पत्त्यावर खोकी पोचवतात. बहिणीच्या सासरी अमरावतीला मी असंच करतो. सोबत फक्त एका दिवसाच्या पिशव्या, नळीच्या टोकाला लावायच्या टोप्या, मास्क, हात धुण्याचं सामान आणि पिशवी टांगायला एक मजबूत एस आकाराचा हूक.

खोली घेताना मी मालकाला देखावा विचारत नाही. दार लागतं का, हात धुवायला वाहतं पाणी आहे का, उंचावर हूक अडकवायला खिडकीचा गज आहे का, हेच विचारतो. बदलताना पंखा आणि एसी बंद, खिडकी बंद, सगळे बाहेर. शेगावला एप्रिलच्या उन्हात पंखा बंद करून अर्धा-पाऊण तास बसणं सोपं नाही, पण त्या वेळी धूळ उडून नळीच्या टोकावर बसली तर पोटात जंतुसंसर्ग होतो. बाहेर आलेलं पाणी स्वच्छ आहे का ते पिशवीखाली छापील कागद धरून बघायचं. अक्षरं वाचता आली पाहिजेत. गढूळ दिसलं, पोट दुखलं, ताप आला तर दर्शन राहू द्यायचं आणि दवाखाना गाठायचा, ती पिशवी सोबत घेऊन.

रेल्वेच्या डब्यात पिशवी बदलायच्या भानगडीत मी पडत नाही. निघण्याआधी घरी एक, उतरल्यावर खोलीत एक. मधल्या तासांना डॉक्टरांची परवानगी घेतलेली आहे.

मला सीएपीडीने मोकळं ठेवलं. गावोगावी सेंटर शोधावं लागत नाही. ज्यांना फिरतीची नोकरी आहे त्यांनी डॉक्टरांशी याबद्दल एकदा बोलावं. आपल्याकडे याची चर्चा फार कमी होते.

उनाडपक्षी

माझं प्रत्यारोपण होऊन काही वर्षं झाली, किडनी आईची. लोकांना वाटतं आता सगळं पूर्वीसारखं. मशीन सुटलं ही गोष्ट खरोखर फार मोठी आहे, पण गोळ्या आयुष्यभर आहेत आणि त्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात.

त्यांतली टॅक्रोलिमस दर बारा तासांनी घ्यायची. परदेशी जाताना घड्याळ बदललं की किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून आणतो. गोळ्या कायम हातातल्या बॅगेत, लागतील त्याच्या दुप्पट, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह. सामानात टाकलेली बॅग दुसऱ्या विमानाने गेली तर काय, हा विचार करून ठेवायचा. वाटेत संपल्या म्हणून दुसऱ्या कंपनीच्या घेऊ नयेत, रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद, त्यांनी हे प्रमाण वाढतं. गणपतीत प्रसादाच्या ताटातलं पपनस मी बाजूला ठेवतो आणि आता घरात कुणी आग्रह करत नाही.

केनियातलं जंगल बघायचं माझं स्वप्न होतं. तिथून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ती लस जिवंत विषाणूची आहे आणि आमच्यासारख्यांना देत नाहीत. लशीशिवाय त्या भागात जाणं म्हणजे त्या तापाची जोखीम उघड्या अंगावर घेणं. डॉक्टरांशी बोललो आणि केनिया सोडला. वाईट वाटलं, आजही वाटतं. मग श्रीलंकेतलं 'याला' नावाचं राष्ट्रीय उद्यान बघितलं, तिथे हत्ती बघितले. कच्चं सॅलड, कापून ठेवलेली फळं, उघडं पाणी टाळलं, डासांसाठी अंगभर कपडे घातले.

अजून किडनीसाठी प्रतीक्षायादीत असलेल्यांना एक सांगतो. फोन आला की काही तासांत रुग्णालयात पोचावं लागतं. बाहेरगावी जाताना आपल्या प्रत्यारोपण समन्वयकांना कळवून जा आणि मोबाइलला रेंज नसलेल्या ठिकाणी रात्र काढू नका.

थेम्सकाठी

मी लंडनजवळ राहते, भाऊ इथे डायलिसिसवर आहे. ब्रिटनमध्ये दुसऱ्या गावी गेलं तर तिथल्या एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) युनिटमध्ये डायलिसिस मिळतं, जागा असली तर. भारतात यायचं म्हटलं की खर्च स्वतःचा. त्याहून मोठा प्रश्न परतल्यावरचा. बाहेर डायलिसिस करून आलेल्यांना हिपॅटायटिसची लागण नाही ना हे बघायला त्याच्या युनिटने काही आठवडे वेगळ्या मशीनवर घेतलं, वारंवार रक्त तपासलं, आणि तेवढ्या काळापुरतं प्रतीक्षायादीवरचं नावही थांबवलं. किडनीची वाट बघणाऱ्या माणसाला हा निर्णय सोपा नव्हता. आमचे बाबा पंचाऐंशीचे, कोल्हापूरला. भावाने विचार करून यायचंच ठरवलं. दोघे रंकाळ्यावर रोज संध्याकाळी बसायचे. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

परदेशातून येणाऱ्यांनी आपल्या युनिटला हे नियम तिकीट काढण्याआधी विचारावेत. विम्यात जुना आजार धरलेला आहे का तेही वाचून घ्यावं. बहुतेक स्वस्त विम्यांत तो वगळलेला असतो.

माळरान

टेक्निशियनदादा, तुम्ही म्हणालात तसं नेमकं विचारलं. आम्ही नाशिकला असतो. त्र्यंबकेश्वर २८ किलोमीटर. डॉक्टर म्हणाले, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी शक्य तितकी जवळ नेऊन, रांगेत उभं न राहता, तासाभरात परत फिरणार असाल तर चालेल. परवा जाऊन आलो. बाहेरून कळसाला हात जोडले. येताना ह्यांनी गाडीत पूर्ण वेळ खिडकी उघडी ठेवायला लावली. गेले कित्येक महिने आमच्यात इतकं बोलणं झालं नव्हतं.

मशीनच्या_पलीकडून

ताई, फार बरं वाटलं वाचून.

चांदणवेल

वाचनखूण साठवली आहे. माझ्या आईला पंढरपूरला जायचंय. वय ६२, डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार, तब्येत तशी स्थिर. आम्ही पुण्यात. तिला एकादशीलाच जायचंय. कसं करावं?

नीरेकाठ

चांदणवेल, पहिली विनंती, आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत नेऊ नका. त्या गर्दीत रुग्णवाहिकेलाही वाट मिळायला वेळ लागतो आणि फिस्टुलाच्या हाताला धक्का लागला तर निस्तरणं अवघड. आईंना एकादशीच हवी असेल तर दर महिन्याला दोन असतात. आईंचे वार बघता रविवारी किंवा बुधवारी येणारी एकादशी शोधा. रविवार असेल तर शनिवारचं डायलिसिस पुण्यात करून रविवारी पहाटे निघा, दर्शन घ्या, रात्री तिथेच राहून सोमवारी सकाळी निघा, मंगळवारची वेळ पुण्यात. मोठी फट तेव्हाच येते, म्हणून सोमवारी उशीर करू नका आणि दोन्ही दिवस पाणी व खाणं जास्तच जपा. बुधवार असेल तर आणखी चांगलं, कारण मंगळवार आणि गुरुवार दोन्हीकडून आधार आहे. मात्र बुधवारी रात्रीच पुण्यात परत यावं लागेल.

वाटेत अडचण आली तर सोलापूर मोठं शहर आहे, पंढरपूरहून साधारण ७० किलोमीटर. तिथल्या एखाद्या केंद्राशी आधीच बोलून कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. पदस्पर्शाच्या रांगेऐवजी मुखदर्शन घ्या.

आणि उपवास. बटाटा, रताळं, केळं, खजूर, शेंगदाणे, म्हणजे उपवासाचं जवळजवळ अख्खं ताट पोटॅशियमचं आहे. आईंना भगर द्या, दाण्याची आमटी नको. साबुदाणा दाण्याच्या कुटाशिवाय. सैंधव म्हणून जास्त मीठ घालू नका, तेही मीठच आहे. आईंचा आग्रह असेल तर डॉक्टरांकडूनच त्यांना सांगवा. आपलं ऐकत नाहीत, त्यांचं ऐकतात.

आईंचं कोरडं वजन, डायलायझरचा प्रकार आणि शेवटचा पोटॅशियमचा आकडा काढून ठेवा. तारीख ठरली की इथेच लिहा, सोलापूरच्या केंद्राला काय काय विचारायचं त्याची यादी मी तुम्हाला व्यनि करते.